'चौरंगा करा' म्हणण्याआधी…

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढीच विनंती. शेवटी माझीच एक जुनी चूक लिहिली आहे, त्यामुळे शिव्या द्यायच्या तर त्या वाचून द्या.

कुठेही बाई-मुलीवर अत्याचाराची बातमी आली की आपल्या भागातल्या ग्रुपवर तासाभरात एक फोटो फिरायला लागतो. महाराजांचं चित्र आणि खाली 'आज हवा होता रांझ्याच्या पाटलाचा न्याय, चौरंगा करा'. आपल्या न्हावऱ्याला हा विषय बातमीतला किंवा पुस्तकातला नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. कुणाची जखम इथे उघडायची नाही, म्हणून गावाचं नाव घेऊन त्याबद्दल काही लिहीत नाही. पण त्या फोटोबद्दल लिहितो. मी इतिहास शिकवण्यात आयुष्य काढलं आणि तो फोटो मीसुद्धा एकदोनदा पुढे पाठवला आहे.

रांझे म्हणजे खेड शिवापूरजवळचं गाव. तिथला पाटील बाबाजी भिकाजी गुजर. पाटीलकी करताना त्याने बदअंमल केला म्हणून शिक्षा झाली, त्याचं पत्र 28 जानेवारी 1646 चं आहे. महाराज तेव्हा सोळा वर्षांचेही पूर्ण झाले नव्हते. हातपाय तोडले हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्या पत्रात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या फोटोत कधी येत नाहीत. पहिली, तक्रार कानावर आल्यावर पाटलाला समोर आणलं, प्रकरणाची शहानिशा झाली, ते खरं ठरलं आणि मग शिक्षा झाली. दुसरी, शिक्षेनंतर त्याचं काय करायचं तेही ठरलं. त्याच्या भाऊबंदांतल्या सोनजी गुजराने त्याला सांभाळायला मागितलं. तीनशे होन दंड घेऊन त्याच्या ताब्यात दिलं आणि पाटीलकी सोनजीकडे गेली. म्हणजे तक्रार, चौकशी, निवाडा आणि त्यानंतरची व्यवस्था असं सगळं त्या कागदावर आहे.

माझ्या मते त्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट कुऱ्हाड नाही. आरोपी गावचा पाटील होता, वतनदार होता, आणि तरीही त्याची चौकशी झाली ही आहे. त्या काळात पाटलाविरुद्ध गावात कोण बोलणार? आपण नेमकं तेच विसरलो आणि कुऱ्हाड तेवढी लक्षात ठेवली. आजची शिक्षा कायद्याने ठरलेली आहे आणि हातपाय तोडणं त्यात नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता सव्वातीनशे वर्षं पुढे या.

26 मार्च 1972. देसाईगंज, म्हणजे वडसा. तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. आईबाप नसलेली एक आदिवासी मुलगी. वय डॉक्टरांच्या अंदाजाने चौदा ते सोळा. घरकाम, मजुरी करून भावाजवळ राहायची. तिचं एका मुलाशी जुळलं होतं, त्यावरून भावाने पोलिसांत तक्रार केली. रात्री सगळ्यांना चौकीवर बोलावून जबाब घेतले. जबाब झाल्यावर बाकीच्यांना जायला सांगितलं आणि तिला थांबवून घेतलं. एका शिपायाने चौकीमागच्या संडासाकडे नेऊन तिच्यावर बलात्कार केला आणि दारू प्यायलेल्या हवालदारानेही तिच्या अंगाला हात घातला, अशी तिची फिर्याद. बाहेर तिची माणसं थांबलेली होती, गर्दी जमली, म्हणून फिर्याद तरी लिहिली गेली.

कायद्याच्या पुस्तकांत हा खटला त्या मुलीच्याच नावाने ओळखला जातो. मी ते नाव लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

1 जून 1974 ला सेशन कोर्टाने दोघांना सोडलं. मुलगी खोटं बोलते, तिला शरीरसंबंधाची सवय होती, म्हणजे हे संमतीनेच झालं असणार, असा एकूण सूर. 12 ऑक्टोबर 1976 ला मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. अंगावर वर्दी असलेल्या माणसापुढे रात्रीच्या वेळी, चौकीच्या आवारात, मुलगी गप्प राहिली तर त्याला संमती म्हणत नाहीत, असं हायकोर्ट म्हणालं. शिपायाला पाच वर्षं आणि हवालदाराला एक वर्ष. आणि 15 सप्टेंबर 1978 ला सुप्रीम कोर्टाने दोघांना पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणून संमती होती असं धरलं.

एक मिनिट थांबा आणि विचार करा. रात्रीचे साडेदहा वाजून गेलेत, पोलीस चौकीचं आवार आहे, समोर पोलीसच आहे. त्या पोरीने ओरडून कुणाला बोलवायचं होतं? पोलिसाला?

वर्षभर कुणाला पत्ताही नव्हता. मग 16 सप्टेंबर 1979 ला चार कायद्याच्या अभ्यासकांनी थेट सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि दोन मराठी नावं, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर. शरण जाणं आणि संमती देणं यात फरक आहे, हा त्या पत्राचा गाभा. कोर्टाचा मान ठेवून, पण स्पष्ट. त्यानंतर 1980 च्या सुरुवातीला मुंबईत बायकांनी संघटना उभी केली, 8 मार्च 1980 ला देशभर अनेक शहरांत मोर्चे निघाले, विधी आयोगाने त्याच वर्षी अहवाल दिला आणि 1983 ला कायदा बदलला.

1983 च्या बदलात तीन गोष्टी महत्त्वाच्या. पोलीस कोठडी, तुरुंग, दवाखाना अशा ठिकाणी अधिकारातल्या माणसाने केलेल्या बलात्कारात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि 'माझी संमती नव्हती' असं बाई म्हणाली, तर कोर्टाने तसंच धरून चालायचं. असा खटला बंद दाराआड चालवायचा. आणि पीडितेचं नाव छापायचं नाही. आज भारतीय न्याय संहितेतही ही बंदी आहे. देसाईगंजची मुलगी हा कायदा व्हायच्या आधीची, म्हणून तिचं नाव सगळीकडे छापलं गेलं. तिच्यामुळे पुढच्या सगळ्या बायकांची नावं झाकली गेली, तिचं तेवढं उघडं राहिलं. म्हणून मी लिहीत नाही. आणि जे भाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर मुलीचा फोटो टाकून 'न्याय मिळालाच पाहिजे' लिहितात, त्यांनी हे लक्षात घ्या. तुम्ही गुन्हा करताय, चांगल्या मनाने केला तरी.

पुढे 2003 ला बाईच्या आधीच्या चारित्र्यावर बोट ठेवायची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं पोटकलम गेलं. 2013 ला कायद्यातच लिहिलं गेलं की अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही. ज्या मुद्द्यावर 1978 ला ती पोरगी हरली, तो मुद्दा कायद्यात यायला पस्तीस वर्षं लागली.

इथपर्यंत वाचून बरेच जण मान डोलावत असतील. आता दुसरी बाजू. ती वाचायला जड जाते, पण तीही आपल्याच महाराष्ट्रातली आहे.

जून 2003. नाशिक भागात शेतावर झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच माणसं मारली, घरातल्या बायकांवर अत्याचार केले. अंगावर काटा येतो असं प्रकरण. सहा जणांना अटक झाली. सगळे गरीब, भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. 2006 ला नाशिकच्या सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. 2007 ला हायकोर्टाने तिघांची फाशी ठेवली, तिघांना जन्मठेप केली. 2009 ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. तुम्ही-आम्ही पेपर वाचून म्हणालो असू, बरं झालं.

आणि 5 मार्च 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टाने, फेरविचारात, सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण काय? घटनेनंतर एक-दोन दिवसांतच वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्याची नोंद होती. त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. ही गोष्ट कोर्टापुढे नीट मांडलीच गेली नाही. सोडलेल्या सहा जणांमधला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. जवळपास सोळा वर्षं ते तुरुंगात होते. कोर्टाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि चुकलेल्या तपास अधिकाऱ्यांवर कारवाई बघा असंही सांगितलं.

आता मला सांगा, यात त्या बाईला न्याय मिळाला का? तिने ओळखलेली माणसं कुठे गेली? सहा निरपराध सोळा वर्षं आत राहिले आणि खरे कोण होते ते बाहेरच राहिले. एक कागद बाजूला ठेवला, त्यात आरोपीचंही वाटोळं झालं आणि फिर्यादीचंही.

आणि भटक्यांचं म्हणाल तर आपल्या शिरूर-दौंड पट्ट्यात हे नवीन नाही. 1871 च्या इंग्रजांच्या कायद्याने आख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. 1952 ला तो कायदा गेला. पण गावात चोरी झाली की पहिली नजर कुठल्या वस्तीकडे जाते, हे प्रत्येकाने स्वतःच्या मनाला विचारावं.

सरकारी वकील कुणाचा, हा प्रश्न मी एकदा पारावर विचारला होता. उत्तर आलं, 'पोलिसांचा'. दुसरा म्हणाला, 'फिर्यादीचा'. दोन्ही चूक. सरकारी वकील कोर्टाचा मदतनीस असतो. काहीही करून शिक्षा लावणं हे त्याचं काम नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1999 ला एका निकालात स्पष्ट सांगितलं आहे. आरोपीच्या बाजूचं काही असेल तर तेही कोर्टापुढे आणणं ही त्याची जबाबदारी. आपल्याकडे खालच्या कोर्टातले सहायक सरकारी वकील बराच काळ पोलीस खात्याच्याच हाताखाली होते. त्यांना पोलिसांपासून वेगळं करा, असं महाराष्ट्र सरकारला सुप्रीम कोर्टाने 1995 ला सांगितलं. आणि तपासात गोळा केलेले पण आरोपपत्रात न वापरलेले कागद, जबाब, वस्तू यांची यादी आरोपीला द्यायची, हे 2021 ला सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलं.

काही जण म्हणतील, गुरुजी, आरोपीचे एवढे लाड कशाला? लाड नाहीत हो. लपवलेला कागद कधी ना कधी वर येतो. तो दहा वर्षांनी वर आला की खरी केससुद्धा मोडते.

आता जुन्या प्रकरणांचं. बाई दहा-वीस वर्षांनी बोलली की गावात पहिलं वाक्य येतं, 'इतके दिवस काय झोपली होती का?' कोर्ट असं म्हणत नाही. गोव्यातल्या एका प्रकरणात 2003 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तक्रारीला उशीर झाला एवढ्यावरून केस फेकून द्यायची नाही. उशीर का झाला ते बघायचं. घरची अब्रू, भाऊबंदकी, लग्नाची काळजी, समोरच्याचं वजन, हे सगळं आपल्याला कोर्टापेक्षा जास्त माहीत आहे. ऊसतोडीच्या कोपीवर राहणारी बाई हंगाम संपला की गाव सोडून जाते. ती कधी आणि कुठे तक्रार करणार? आता कुठल्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते, ती हद्दीच्या ठाण्याकडे पाठवणं त्यांचं काम आहे. पण हे तिला सांगणारं कोण आहे?

कायद्यात मुदतीचंही समजून घ्या, कारण यात लोक फसतात. बलात्कारासारख्या मोठ्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नाही. पण 2013 च्या आधी विनयभंगाला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती, आणि तशा गुन्ह्याची तक्रार तीन वर्षांच्या आत व्हावी लागते. उशिराचं कारण पटलं तर कोर्ट मुदत वाढवू शकतं, पण ते कोर्टावर आहे. लहान मुलांसाठीचा पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासूनचा. त्याआधी घडलेल्या गोष्टीला तो लागत नाही, तेव्हाचाच कायदा लागतो. म्हणजे नेमकं काय घडलं आणि कधी घडलं, यावर सगळं अवलंबून. आणि नेमकं काय घडलं हेच आपण गावकरी विचारत नाही.

इथे माझी गोष्ट येते.

खूप वर्षांपूर्वी, मी नोकरीत नवा असताना, एका गावात बैठक बसली होती. गाव सांगत नाही, वर्षही सांगत नाही. शाळा सोडलेली एक मुलगी होती आणि समोर वजनदार घरातला माणूस. माझं अक्षर चांगलं, म्हणून मला कागद लिहायला बोलावलं. पाच जण बसले होते. मुलीचा बाप कोपऱ्यात खाली मान घालून होता. मुलगी तिथे नव्हतीच. मी लिहिलं, 'गैरसमजातून प्रकार घडला, मुलीची काही तक्रार नाही, उभय पक्षांत समेट झाला.' त्याखाली एक रक्कमही लिहिली, 'खर्चापोटी' म्हणून. बापाचा अंगठा, पाच सह्या आणि सहावी माझी. दोन प्रती केल्या. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे राहिली. काय घडलं होतं, हे मी कुणालाही विचारलं नाही. आज शिक्षकाने असं केलं आणि मुलगी अठराच्या आतली असली, तर न कळवल्याबद्दल पोक्सोखाली त्याच्यावरच गुन्हा होतो. तेव्हा मला वाटलं होतं की मी एक घर वाचवलं.

मागच्या महिन्यात ती भेटली. आता तिची मुलं मोठी आहेत. म्हणाली, "गुरुजी, तो कागद अजून आहे का तुमच्याकडं?"

मी म्हणालो, "बघतो."

ती म्हणाली, "मला त्यात काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा. मला कुणी सांगितलंच नाही."

ट्रंकेत कागद सापडला. तिला वाचून दाखवला. 'मुलीची काही तक्रार नाही' या ओळीवर ती थांबली. म्हणाली, "हे मी कधी म्हणले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर दोन माणसांशी बोललो. एक म्हणाला, फाडून टाका, कशाला म्हातारपणी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहता. दुसरा तिच्या बाजूचा, तळमळीने म्हणाला, रकमेची ओळ तेवढी दाखवा, 'तक्रार नाही' ती ओळ नको. दोघांचंही मला पटलं नाही. कागद फाडला तर मी दुसऱ्यांदा तेच केलं असं होईल. आणि अर्धा दाखवला तर? दुसरी प्रत त्यांच्याकडे आहेच. उद्या कोर्टात त्यांचा वकील ती काढील आणि विचारील, गुरुजी, हे का लपवलं? तिथेच तिची केस संपेल. आणि समजा तसं नाही झालं, तरी त्या माणसालाही पूर्ण कागद बघायचा हक्क आहे, तो मला आवडो न आवडो. नाशिकच्या प्रकरणात एक नोंद बाजूला ठेवल्याने काय झालं ते वर लिहिलंच आहे.

म्हणून ठरवलंय. तक्रार करायची की नाही, ते ती ठरवील. तिच्यावर कुणाचा दबाव नको, माझाही नको. तिने केली तर पूर्ण कागद, जसा आहे तसा, पोलिसांकडे देणार. सोबत माझा जबाब की ही ओळ मुलीला न विचारता लिहिली, मुलगी बैठकीत नव्हती, आणि काय घडलं ते मला स्वतःला माहीत नाही. शेवटचं वाक्य तिच्या उपयोगाचं नाही, हे मला कळतं. पण ते खरं आहे. तिलाही तसंच सांगितलं. ती म्हणाली, "खरं तेवढंच सांगा गुरुजी, मला दुसरं काय नको." तिला विचारूनच हे लिहितोय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. कुणी अंदाज लावत बसू नका. कमेंटमध्ये नाव टाकलं तर कमेंट उडवीन आणि ब्लॉक करीन.

आता शेवटचं, कामाचं.

आपल्याकडे असं काही कानावर आलं तर 'मिटवून घ्या' म्हणणारी बैठक बसवू नका. बलात्काराचा गुन्हा गावाने मिटवायचा नसतो, पाच पंचांना तो अधिकारच नाही. बाईला सरकारी वकील आणि पोलिसांशिवाय स्वतःचा वकीलही हवा असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे मोफत मिळतो, बाईसाठी उत्पन्नाची अट नाही. जुने कागद, चिठ्ठ्या, मोबाईलमधले मेसेज, काहीही फाडू नका आणि पुसू नका, कुणाच्याही बाजूचे असोत. साक्षीला बोलावलं तर जा. जे बघितलं तेवढंच सांगा, ऐकलेलं बघितलं म्हणून सांगू नका. आणि निकालाच्या आधी कुणाच्या घरावर मोर्चा नको, कुणाच्या वस्तीवर तर अजिबात नको.

रांझ्याचा न्याय हवा असेल तर सगळा घेऊ. पाटलाचीसुद्धा चौकशी होईल, असं गाव आधी करू.

तुमच्यापैकी कुणी अशा बैठकीत बसलं असेल, कागद लिहिला असेल, सही केली असेल, तर तो कागद एकदा शोधा. मला सांगू नका. जिच्याबद्दल आहे तिला सांगा.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, मी वाचतो.